करंगळी

आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत गेलं वर्षभर प्लास्टिकचं एक मोजपात्र ठेवलेलं आहे. मुलीला दहावीच्या सुट्टीत केक करायचं वेड लागलं होतं, तेव्हाचं. आकड्याशी अंगठा धरून उजेडात वाचायची मला सवय, त्यामुळे खालचे आकडे पुसट झालेत. ५० आणि १०० तर अंदाजानेच ओळखायचे. २०० च्या वरचे आकडे अजून दुकानातून आणल्यासारखे लालभडक आहेत. तिथवर अंगठा जायची वेळ फारशी आलीच नाही.

शेजारी खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आणि शाळेतली एक जुनी कोरी हजेरीवही. विद्यार्थ्याच्या नावाच्या रकान्यात वेळ, पुढे किती मिलिलिटर, त्यापुढे दुखणं दहापैकी किती. पहाटे ३.१० – ८०. पहाटे ४.०५ – ६०. सकाळी ५.२० – ९०. डॉक्टर हिला ‘व्हॉइडिंग डायरी’ म्हणतात. घरात तिला काय म्हणायचं हे कधी ठरलंच नाही. मुलगी ‘ममीचा डेटा’ म्हणते, हे ‘तुझी ती वही’ म्हणतात.

हे नाव न ठरणं आजारापेक्षा जुनं आहे. मी सव्वीस वर्षं मराठी शिकवते, पण या एका क्रियेसाठी चारचौघात उच्चारता येईल असा शब्द मला सापडलेला नाही. ‘जाऊन येते’, ‘बाथरूमला’, ‘एक नंबर’, लहानपणी ‘शू’, आणि फारच सभ्य व्हायचं असेल तर ‘लघुशंका’. शंका, तीही लघु! ‘लघवी’ हासुद्धा मुळात आडपडदाच, त्या ‘लघु’पासून निघालेला. मूळ शब्द उरला तो शिवीत आणि मुतखड्यात. मुतखडा मात्र प्रतिष्ठित. तो किती एमएमचा होता हे माणसं लग्नाच्या पंगतीत सांगतात, काहीजण डबीत घालून जपतात. माझ्याजवळ डबीत घालण्यासारखं काही नव्हतं. ओटीपोटात पिशवी भरत आली की दुखायचं, रिकामी केली की दहा-पंधरा मिनिटं बरं वाटायचं, पुन्हा भरायला लागली की पुन्हा तेच. दिवसातून बावीस, चोवीस वेळा.

सासूबाई म्हणाल्या, “उन्हाळी लागली असंल. सब्जा भिजत घाल.”

उन्हाळी हा किती चांगला शब्द आहे. शरीरात एक ऋतू येतो आणि जातो, असं त्यात गृहीत आहे. सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी, वाळा घातलेला माठ. दोन दिवसांत ऋतू बदलतो. माझा बदलला नाही. मग गावातल्या डॉक्टरांनी प्रतिजैविकांचा कोर्स दिला, तीन महिन्यांनी दुसरा, मग तिसरा. कल्चरचा रिपोर्ट दर वेळी एकच: जंतूंची वाढ नाही. पहिल्यांदा तो वाचून मला आनंद झाला होता. सहाव्यांदा वाचताना हातात कागद धरून मी रडले. जंतू सापडावेत म्हणून देवाला साकडं घालणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

सहा वर्षांनी नाव मिळालं: इंटरस्टिशियल सिस्टायटिस. हल्ली त्याला ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ असंही म्हणतात, म्हणजे ‘मूत्राशय दुखण्याचा आजार’. मूत्राशय दुखतं हे मला ठाऊक होतंच. तरी नावाचा आधार वाटतो. पहिलं नाव १८८७ सालापासून वापरात आहे, आणि १९१५ मध्ये अमेरिकेतल्या गाय हनर या स्त्रीरोगतज्ज्ञाने बायकांच्या मूत्राशयात आढळणाऱ्या एका खास व्रणाचं वर्णन लिहिलं. तो व्रण शोधूनही चटकन सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे त्यालाच हनरचा व्रण म्हणू लागले. माझ्यासारख्या बहुतेकींमध्ये तो नसतोच. कारण नक्की काय, यावर अजून एकमत नाही. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावरचा बुळबुळीत थर विरतो आणि लघवीतले क्षार आत झिरपून नसांना डिवचतात, हा एक तर्क. त्या अस्तरातल्या सगळ्यात वरच्या पेशींना इंग्रजीत ‘छत्री पेशी’ म्हणतात हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. म्हणजे छत्री गळते आहे. हे निदान सांगता येतं कुणाला.

चरकसंहितेत शरीरातल्या मर्मांपैकी तीन मर्मं सगळ्यात मोलाची मानली आहेत: शिर, हृदय आणि बस्ती. बस्ती म्हणजे मूत्राशय. डोकं दुखलं तर माणूस कपाळाला बाम लावून मिरवतो, छातीत दुखलं तर गल्ली गोळा होते. तिसऱ्या मर्माच्या वाट्याला तेवढी दारामागची कुजबुज आली.

आमच्या शाळेत शिक्षिका एकोणीस आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृह एक, तेही मैदानापलीकडे. सलग पाच तास असले की आम्ही सकाळी पाणीच पीत नसू. नव्या शिक्षिकेला जुन्या बायका पहिल्या आठवड्यात जे काही शिकवत, त्यात हे एक असे. लघवी तुंबवल्याने हा आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय आणि मी ते मानते. पण हिशेब मांडायला बसलं की मन ऐकत नाही.

आणि दुसरा हिशेब पोरांचा. वर्गात मुलगा उभा राहतो, बोलत नाही, नुसती करंगळी वर करतो. एका बोटाची ही भाषा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत चालते. मी किती करंगळ्या खाली बसवल्या असतील! “आत्ताच मधली सुट्टी झाली ना?” “कविता संपू दे.” मुली तर करंगळीसुद्धा करत नसत, पाय एकमेकांवर घट्ट आवळून बसत. मला ते दिसायचं. कविता संपायची राहिलेली असायची.

टायको ब्राहे हा डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ १६०१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रागमधल्या एका मेजवानीला गेला होता. यजमानाच्या आधी उठणं असभ्यपणाचं म्हणून लघवी दाबून बसून राहिला, घरी आल्यावर त्याला ती होईना आणि अकरा दिवसांनी तो गेला. दुर्बिणीचा शोध लागण्याआधी नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यांच्या जागा मोजणारा हा माणूस. त्याचा सहायक केप्लर नंतर त्याच मापांवर मोठा झाला. वरच्या वर्गाच्या पुस्तकात केप्लरचे नियम दिसले की मला टायकोचं ते जेवणाचं टेबल दिसतं. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी एकदा एसटीच्या खिडकीशी बसून, दोन म्हाताऱ्यांचे गुडघे ओलांडून, कंडक्टरला गाडी थांबवायला सांगून बघावं.

खाण्याचं फार लांबवत नाही. चहा, लिंबू, टोमॅटो, चिंच, मिरची, सगळं बंद. सांगलीत राहून भडंग बंद. तांबडा रस्सा गेला, पांढरा चालतो. आजार अगदीच निर्दय नाही.

गोळ्यांचा पुरेसा उपयोग होईना, तेव्हा डॉक्टरांनी प्रोसिजर सुचवली. ‘ऑपरेशन’ म्हणत नाहीत, कारण कापाकापी नसते. भूल देऊन दुर्बिणीने मूत्राशयात बघायचं आणि सलाइनचं पाणी भरून ते काही मिनिटं ताणायचं. याने आजार बरा होत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. काहीजणींना काही आठवडे, काही महिने आराम पडतो, काहीजणींना पडत नाही, आणि पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं. माझी पिशवी आतून आवळून कायमची लहान झालीय का, हेही कळेल. मी म्हटलं, करू या. सहा वर्षांत कुणी आत डोकावून बघतो म्हणालं नव्हतं.

सांगलीहून मिरज किती लांब, तर बसायला जागा मिळून तिकीट काढेपर्यंत येते. पण मला त्या प्रवासातलं प्रत्येक स्वच्छतागृह पाठ आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय काढलं, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं झालं. कोकणातून, कर्नाटकातून माणसं गाठोडी घेऊन उतरतात. मी गेले ते रुग्णालय वेगळं. तिथे आदल्या दिवशी फिटनेसच्या तपासण्या झाल्या: रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, पुन्हा एकदा ते लघवीचं कल्चर. विम्याच्या खिडकीपाशी एक तास गेला. रिपोर्ट यायला अवकाश होता म्हणून आम्ही दोघं पाय मोकळे करायला सतारमेकर गल्लीत गेलो.

मिरजेला येतात ती माणसं दोनच प्रकारची, आजारी आणि गवई. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली, आणि त्यांच्या घराण्याने तो धंदा अजून धरून ठेवलाय. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानाच्या माळ्यावर पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे शिंकाळ्यात टांगलेले होते. खाली एक म्हातारे गृहस्थ पाण्याच्या पिंपातून एक भोपळा उपसत होते. भिजून मऊ झाल्यावर त्याचं तोंड कापतात, आतला गर आणि बिया काढतात, मग आत काड्या आडव्या अडकवून त्याला हळूहळू ताण देतात आणि हवा तो आकार घेऊन वाळू देतात. त्यांनी टिचकी मारून एक तयार भोपळा माझ्या कानाशी धरला. कातडं किती पातळ असतं ते बोटाला कळलं. “फुटत नाही का ताणताना?” मी विचारलं.

“फुटतो की. घाई केली तर फुटतो.”

हे माझ्याकडे बघून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सही करायला आणलेल्या संमतीपत्रात सातव्या ओळीत तेच होतं: क्वचित प्रसंगी मूत्राशय फाटण्याची शक्यता. त्या कागदावर ‘संमती’ दोन ठिकाणी ‘सम्मती’ छापली होती. मी सही करण्याआधी दोन्ही दुरुस्त केल्या. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली.

रात्री बारापासून पोटात पाणी नाही. लोकांना याचा त्रास होतो. मला ती कित्येक महिन्यांतली सगळ्यात शांत पहाट वाटली. भरायला काही नव्हतंच. आयाबाईंनी मंगळसूत्र काढून ह्यांच्या खिशात दिलं, बांगड्यांवर चिकटपट्टी गुंडाळली आणि हिरवा गाऊन पाठीमागे बांधता बांधता म्हणाल्या, “घाबरू नगा बाई. काय न्हाई हुईत. अंग तेवढं सैल सोडा.” सैल सोडणं हीच तर माझी अडचण. दुखेल म्हणून वर्षानुवर्षं ओटीपोट आवळून धरलेलं. ते सैल कसं सोडायचं हे नंतर एका फिजिओथेरपिस्ट मुलीने मला दोन महिने शिकवलं.

कण्यातून भूल द्यायची होती. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी घेऊन वळले, पाठीत मुंगी चावल्यासारखं झालं आणि पायांतून कोमट पाणी उतरत गेलं. ‘भूल’ हा शब्द मला फार आवडतो. भूल पडते, भूल देतात, हिशेबाच्या शेवटी चूकभूल द्यावी घ्यावी लिहितात. कमरेखालचं सगळं जग मला विसरलं, मी जागी राहिले. दुर्बिणीतलं दाखवणारा पडदा थोडा तिरपा होता म्हणून मला दिसला.

१८०६ साली फिलिप बोझिनी या जर्मन डॉक्टरने शरीराच्या आत बघण्यासाठी एक उपकरण केलं होतं, त्यात उजेडासाठी मेणबत्ती होती. पुढे १८७० च्या दशकात माक्स निट्झेने मूत्राशयाची दुर्बीण बनवली; तिच्यात प्लॅटिनमची तार तापवून उजेड पाडत आणि आत भाजू नये म्हणून तिच्याभोवती थंड पाणी खेळतं ठेवत. ज्यांच्या अंगात ही जळती तार गेली, ती माणसं काय सोसत असतील कोण जाणे. माझ्यासाठी थंड पांढरा प्रकाश होता. आणि त्या प्रकाशात जे दिसलं ते, काय सांगू, सुंदर होतं. फिकट गुलाबी भिंत, तिच्यावर नकाशातल्या नद्यांसारख्या रक्तवाहिन्या. इतकी वर्षं जिला मी दिवसरात्र शिव्या घातल्या ती ही? व्रण नव्हता. स्टँडला वर टांगलेल्या पिशवीतून सलाइन स्वतःच्या दाबाने उतरत होतं. उतरायचं थांबलं की मूत्राशय भरलं. दोनेक मिनिटं तसंच ठेवलं, मग पाणी सोडून दिलं. शेवटचे थेंब गुलाबी आले. पुन्हा आत बघितलं तर भिंतीवर जागोजागी लाल ठिपके उमटले होते, उन्हाळ्यात पाठीवर घामोळं यावं तसे. सासूबाईंचा शब्द आठवला.

“पाचशे साठ,” कुणीतरी मोजून सांगितलं.

हा आकडा मी अजून पचवते आहे. जागेपणी माझ्या पिशवीत ९० मिलिलिटर मावायचं. भूल दिल्यावर ५६०. आतून काही आकसलेलं नाही ही चांगली बातमी, डॉक्टर म्हणाले. मग ९० वर कोण ओरडतं? त्यांनी समजावलं: नसा इतक्या हळव्या झाल्यात की थोड्याशा भरण्याचीही वर्दी दुखणं म्हणून देतात. मी पटकन त्या लाल ठिपक्यांविषयी विचारलं. मला ते हवे होते, डबीत घालायला. तर ते म्हणाले, हे ठिपके काहीच न दुखणाऱ्या बायकांमध्येही ताण दिल्यावर दिसू शकतात. मी इतकी खट्टू झाले की सिस्टरला वाटलं मला मळमळतंय.

घरी ५६० चा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला. नणंद म्हणाली, म्हणजे मनाचंच होतं. रात्री घ्यायच्या गोळीच्या वेष्टणावर नैराश्य असा शब्द होता, त्यामुळे तिला पुरावाच मिळाला. ती गोळी कमी मात्रेत नसांच्या दुखण्यावरही देतात, हे मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. माझ्यापुरतं मला एवढं कळलं की ९० आणि ५६० च्या मध्ये जे चारशे सत्तर मिलिलिटर आहेत, तिथे मी राहते.

बरं होण्याची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती कंटाळवाणी असते. पहिली रात्र नळी आणि पलंगाला अडकवलेली पिशवी, तीत हळदी-कुंकवाच्या मधला रंग. पायाचा अंगठा हलायला संध्याकाळचे साडेसहा झाले. विशेष म्हणजे त्या रात्री मी एकदाही उठले नाही. नळी आपलं काम करत होती आणि मी सहा तास सलग झोपले. सकाळी नळी काढली. पहिल्या लघवीला काचेचा चुरा जावा तसं झालं, भिंतीवरचा नळ घट्ट धरून मी उभी राहिले. आयाबाई दाराबाहेरून विचारत होत्या, “झाली का ओ?” सबंध वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात. “झाली!” मीही ओरडले. वॉर्डातल्या कुणीही मान वर केली नाही.

घरी आल्यावर दहा दिवस आधीपेक्षा वाईट गेले. जळजळ कमी करणाऱ्या गोळीने लघवी झेंडूच्या फुलासारखी केशरी व्हायची. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर, आणि मनात एकच, की हे आपण उगाच करून घेतलं. वहीत त्या दिवसांत ५०, ४०, ७० असे आकडे आहेत, अक्षरही बिघडलेलं.

अशाच एका रात्री अडीच वाजता मी न्हाणीघरातून बाहेर पडले तर सासूबाई अंधारात दाराशी उभ्या. त्यांचं वय ब्याऐंशी. मोजपात्राकडे बघत म्हणाल्या, “तुझ्या वयाला मलाबी व्हायचं हे. वाड्यात असताना. कंदील घेऊन परसात जायाचं, पाच-पाच वेळा.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“कुणाला सांगनार? सब्जा खायाचा.” मग आत जाता जाता म्हणाल्या, “पाऊस असला की लई जिवावर यायचं बघ.”

अकराव्या दिवशी १४०. तीन आठवड्यांनी एका सकाळी २१०, आणि माझा अंगठा पहिल्यांदा कोऱ्या लाल आकड्यांवर गेला. मी ह्यांना उठवून मोजपात्र दाखवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, असलं काही मी त्यांना कधी दाखवलं नव्हतं. झोपेतच ते म्हणाले, “छान, छान.” दुखणं दहापैकी सातवरून तिनावर आलं होतं. आता तीन महिने होऊन गेलेत. गेल्या आठवड्यात आकडे पुन्हा १६०, १५० वर आलेत. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. लागलं तर पुन्हा ताण देता येईल, किंवा नळीतून औषध सोडण्याचा उपाय आहे; बघू. परवा मी अर्धा कप चहा प्यायले, परिणाम माहीत असून. आल्याचा होता.

शाळेत रुजू होऊन महिना झाला. मुख्याध्यापकांना अर्ज दिला, त्यात ‘वैद्यकीय कारण’ असं मोघम न लिहिता काय होतं ते लिहिलं. मला मैदानाजवळचा वर्ग मिळाला. मंगळवारी सातवी ‘ब’वर तिसरा तास होता. फळ्यावर समास लिहीत होते आणि ओटीपोटात ती ओळखीची तार वाजायला लागली. कोपऱ्यातल्या बाकावरच्या एका मुलीने पाय आवळून घेतलेले होते. मी खडू ठेवला, हात झटकले आणि सबंध वर्गाकडे तोंड करून करंगळी वर केली.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सातवी ‘ब’ हसत सुटली आणि सात-आठ करंगळ्या एकदम वर आल्या. कोपऱ्यातल्या बाकावरची त्यांत होती.

“चला,” मी म्हटलं.